संगणक आणि त्याची गोदी : संग्रहवस्तूच्या समग्रतेविषयी

संग्रहवस्तूचे मोल तिच्या दुर्मिळतेवरून ठरवण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. इतिहासदृष्ट्या मात्र ती वस्तू कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात राहिली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी हे याचे ठळक उदाहरण. सुमारे १३,२५० नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविली होती. एकट्या नाण्यावरून पुनर्मुद्रण झाले एवढेच कळते; ते किती मोठ्या प्रमाणावर झाले हे समग्र निधीच सांगू शकतो.

हाच निकष अलीकडच्या काळातील यंत्रांनाही लागू पडतो. अ‍ॅपल कंपनीने ऑक्टोबर १९९२ मध्ये विक्रीस आणलेला ‘पॉवरबुक ड्युओ’ हा लॅपटॉप या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रवासात हलका व टेबलावर समर्थ असा एकच संगणक हवा, ही त्यामागील कल्पना. त्याकरिता यंत्राचे दोन भाग करण्यात आले. लॅपटॉपचे वजन सुमारे १.९ किलो ठेवण्यासाठी त्यातील फ्लॉपी ड्राइव्हदेखील वगळण्यात आला. वगळलेल्या सोयी ‘ड्युओ डॉक’ नामक गोदीत समाविष्ट झाल्या. जहाज गोदीत शिरावे त्याप्रमाणे मिटलेला लॅपटॉप तिच्या मुखात सरकविला जाई. आतील मोटर व्हिडिओ कॅसेटप्रमाणे त्यास ओढून घेई आणि १५२ पिनांच्या जोडणीने दोहोंचे एक यंत्र होई. गोदीच्या माथ्यावर मोठा पडदा ठेवता येई.

संग्राहकांस या यंत्राचे आकर्षण वाटते त्याचे एक कारण म्हणजे ही दृश्य यांत्रिक क्रिया. दुसरे कारण संच पूर्ण करण्यातील अडचणीत आहे. गोदी अथवा वेगळा जोडभाग नसेल तर नुसत्या लॅपटॉपला फ्लॉपी वाचता येत नाही. १९९३ साली आलेला रंगीत पडद्याचा ‘२७० सी’ किंचित जाड असल्यामुळे मूळ गोदीस नवे झाकण बसवावे लागे. १९९५ च्या ‘२३०० सी’ मध्ये प्रक्रियक सर्वस्वी निराळ्या घराण्याचा, पॉवरपीसी जातीचा होता. तरीही गोदीची योजना कायम राहिली. १९९७ मध्ये ही मालिका संपुष्टात आली.

अशा संचास दोन बाजूंनी धोका संभवतो. जुन्या विद्युत्घटांतून द्रव पाझरून अंतर्भाग गंजतो, हा एक; आणि विक्रीच्या सोयीसाठी लॅपटॉप व गोदी यांची ताटातूट होते, हा दुसरा. पहिली हानी डोळ्यांस दिसते व काही अंशी दुरुस्तही होते. दुसरी सहसा ध्यानात येत नाही. गोदीपासून तुटलेला ड्युओ हा केवळ अपुऱ्या सोयींचा लॅपटॉप भासतो. त्याच्या रचनेमागील हेतू त्यातून लुप्त होतो. दुरुस्ती करतानाही कोणता भाग मूळचा व कोणता बदललेला, याची नोंद न ठेवल्यास यंत्र चालू होते, परंतु त्याचे पुरावामूल्य घटते.

नाशिकनजीक अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेमुळे नाण्यांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची परंपरा या परिसरास परिचित आहे. निधी विखुरण्यापूर्वी त्याची मोजदाद व नोंद व्हावी, हा त्या शास्त्राचा प्राथमिक दंडक. विसाव्या शतकातील यंत्रांचा संग्रह करणाऱ्यांनी तो वेळीच अंगीकारला, तरच त्यांच्या छंदातून भावी इतिहासकारास साधने उपलब्ध होतील.