सुट्टीत विक्रोळीला आलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांना कुठं न्यायचं? आधी भरती-ओहोटी बघा

मे महिना लागला की आपल्या तालुक्यांतली पोरं मामाकडे, काकाकडे मुंबईला निघतात. त्यातली बरीचशी विक्रोळीत उतरतात. कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाइट, सूर्यनगर या वस्त्यांत गावाकडचं घर नाही असं कुटुंब शोधावंच लागेल. पहिले दोन दिवस टीव्हीपुढे, मोबाइलपुढे जातात. तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो, आता कुठं न्यायचं? मग ठरलेलं उत्तर म्हणजे चौपाटी नाहीतर मॉल. चौपाटी लांब पडते, मॉलमध्ये खिसा रिकामा होतो, आणि तीन-चार वर्षांचं मूल दोन्हीकडून रडतच परततं.

खरं तर विक्रोळीच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे ठाणे खाडी आहे, आणि लहान मुलांना दाखवण्यासारखं तिथं जे आहे ते मुंबईत फार थोड्या ठिकाणी सापडतं. फक्त एक अट आहे. खाडीला घड्याळाच्या वेळेनं जाऊन चालत नाही, पाण्याच्या वेळेनं जावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येक कुटुंबं भलत्याच वेळी जाऊन नुसतं पाणी बघून परत येतात आणि "काही नव्हतं तिथं" म्हणतात.

पाण्याची वेळ कशी काढायची

भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर मिळतात. पण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब त्याहून सोपा आहे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावरून करता येतो. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या आगेमागे. भरतीनंतर सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी. वद्य पक्षातही हिशेब तोच, पुन्हा एकपासून मोजायचं. रोज वेळ पाऊण तासानं पुढे सरकते ती यामुळेच.

हा अंदाज आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. खाडीच्या आतल्या बाजूला पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. बोटीत बसायचं असेल तर छापील वेळापत्रकच बघावं. पण "रविवारी सकाळी चिखल उघडा असेल का" एवढं ठरवायला हा हिशेब पुरतो.

मुलांच्या सोयीनं बघायचं तर संकष्टीच्या किंवा विनायकीच्या आसपासचे दिवस चांगले. तेव्हा ओहोटी सकाळी नऊ-साडेनऊला येते. ऊन चढायच्या आत चिखल उघडा पडतो, आणि पोरं अकराला घरी जेवायला. संध्याकाळी जायचं असेल तर तेरस-चौदसला ओहोटी चार-साडेचारच्या सुमारास असते. अष्टमीला मात्र नको, ओहोटी भर दुपारी बाराला येते आणि मे महिन्यात तिथं सावलीचं नाव नसतं.

चिखलात काय बघायचं

निवटी. मूल तीन वर्षांचं असो की दहा, पहिल्यांदा निवटी बघून हसलं नाही असं होत नाही. मासा असून चिखलावर चालतो, पुढच्या परांवर रेटा देऊन उड्या मारतो, डोळे डोक्यावर बेडकासारखे. कोकणातल्या पोरांना निवटी ताटात माहीत असते, चालताना बघितलेली असतेच असं नाही. देशावरच्या पोरांना तर मासा पाण्याबाहेर जिवंत राहतो हेच पटत नाही. तोंडात आणि कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेऊन ती बाहेर राहते, एवढं सांगितलं तरी पुढचे दहा प्रश्न आपोआप येतात.

दुसरा तो एका मोठ्या नांगीचा छोटा खेकडा. नराची एक नांगी अंगाच्या मानानं अवाढव्य असते आणि तो ती सारखी वरखाली हलवत राहतो, जणू लांबून कुणाला बोलावतोय. मोठी नांगी फक्त नराला. मादीच्या दोन्ही नांग्या लहान. "यातले बाबा किती आणि आई किती" हा खेळ पाच वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरतो. अट एकच, गप्प उभं राहायचं. पाय आपटला की सगळे बिळात. मग दोन-तीन मिनिटं थांबलं की एकेक परत वर येतो. गप्प बसण्याचं बक्षीस इतकं पटकन मिळतं म्हणूनच मुलं इथं गप्प बसतात, घरी नाही.

तिसरी गोष्ट झाडं. खाजणातली ही सगळी झाडं सरसकट तिवरं म्हणून ओळखली जातात, पण त्यात प्रकार आहेत. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. तिवराच्या पानाची खालची बाजू उन्हात धरून बघितली तर कधी कधी मिठाचे बारीक कण चमकतात, कारण खाऱ्या पाण्यातलं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं खाली लोंबतं. तिसरी ओळख चिपीची. 2020 मध्ये महाराष्ट्रानं पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. शेकरू आणि हरियाल तर मुलांना शाळेत पाठ असतात, त्यात हे एक नाव वाढवायला हरकत नाही.

पान तोडायचं नाही, रोप उपटून घरी न्यायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये कांदळवन तोडायला बंदी घातली आणि 2018 च्या निकालात ती कायम केली. कांदळवनाच्या भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकाम करता येत नाही. विक्रोळीच्या पूर्वेला आज जे रान दिसतं त्याला या निकालांचा आधार आहे.

आत जायचं कुठून

इथं लोकांची चूक होते. विक्रोळीतलं कांदळवन मुख्यतः पिरोजशानगरच्या बाजूला, गोदरेजच्या जमिनीवर आहे. ते चांगलं राखलेलं आहे, पण बाग नाही. कुणीही उठून आत शिरू शकत नाही. आधी परवानगी घेऊन, गटानं, माहीतगार माणसाबरोबर जावं लागतं. शाळेनं, सोसायटीनं किंवा गावच्या मंडळानं दहा-पंधरा मुलांचा गट करून विचारलं तर सोपं पडतं. एकट्या कुटुंबानं कुंपणाच्या फटीतून किंवा भराव्यावरून चिखलात उतरायचा उद्योग करू नये. हा चिखल वरून घट्ट दिसतो आणि मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. त्यात काचा आणि लोखंडाचे तुकडेही असतात.

एकट्या कुटुंबासाठी सोयीची जागा म्हणजे खाडीच्या पलीकडे ऐरोलीत वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ऐरोली पुलापासून जवळ. विक्रोळीहून रिक्षानं किंवा गाडीनं पूर्व द्रुतगती महामार्गावरून ऐरोली पूल ओलांडून जायचं. लोकलनं जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ऐरोली, तिथून रिक्षा. केंद्रात मुलांना समजेल अशी माहिती मांडलेली आहे आणि रोहित पक्षी बघायला बोट सुटते. बोटीची वेळ पाण्यावर ठरते, म्हणून ती रोज वेगळी असते. आधी आरक्षण केल्याशिवाय जाऊ नये. पोरांना बोटीचं आमिष दाखवून नेलं आणि बोट निघून गेलेली असली तर तो दिवस संपलाच म्हणायचा.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. आपल्याकडे अग्निपंख असंही नाव आहे. मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन्ही इथं येतात, छोट्यांचे थवे जास्त. ठाणे खाडीचा 16.9 चौरस किलोमीटरचा भाग 2015 मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पक्षी हिवाळ्यात यायला लागतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत बरेचसे असतात. जानेवारी ते मे हा काळ खात्रीचा. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्यांनी फार आशा धरू नये. मुलांना दोन गोष्टी नक्की सांगाव्यात. रोहित चोच उलटी करून, डोकं खाली घालून खातो, आणि त्याचा गुलाबी रंग शेवाळासारख्या खाण्यातून येतो. पिल्लं करडी असतात. थव्यात करडा पक्षी शोधायला सांगितलं की मूल बोटीत उठून उभं राहत नाही, हा आणखी एक फायदा.

मोठं मूल असेल तर ते विचारेल की एवढे पक्षी शहरात सुखरूप राहतात का. नेहमीच नाही. 20 मे 2024 च्या रात्री विक्रोळीला लागूनच असलेल्या घाटकोपरमध्ये विमानाची धडक बसून जवळपास 40 रोहित मेले. हे लपवायचं कारण नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराला ते समजतं.

खाडी नको असेल तर

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हा विक्रोळीकरांचा सगळ्यात बिनत्रासाचा बेत. कारण सरळ आहे, धिमी लोकल विक्रोळीहून थेट भायखळ्याला जाते, गाडी बदलावी लागत नाही. पूर्वेला उतरून चालत दहा-पंधरा मिनिटं. पेंग्विन 2016 मध्ये आणले, लोकांना 2017 पासून बघायला मिळाले. पेंग्विनच्या रांगेत लहान मूल कंटाळतं, म्हणून आधी पेंग्विन आणि मग बाकीची बाग. बुधवारी बाग बंद असते. मोठमोठी जुनी झाडं आहेत, मे महिन्यातही सावली मिळते. खाडीपेक्षा हा एक गुण मोठा.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. विक्रोळीहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानं जाता येतं, पण सकाळी सातच्या आत निघालात तरच. आत कान्हेरीची शंभरावर लेणी बसाल्टात कोरलेली आहेत, आणि मुलांना लेण्यांपेक्षा तिथली पाणी साठवायची जुनी टाकी जास्त आवडतात. माकडं पिशवी ओढतात, खाऊ हातात धरून चालू नये. पाच वर्षांखालच्या मुलाला कान्हेरीच्या पायऱ्या जड जातात. अशा मुलाला उचलून घ्यायची तयारी असेल तरच वर जावं.

पवई तलाव 1891 मध्ये बांधला. काठानं फिरायला छान, पण पाण्यात पाय सोडायला मुलांना बसवू नका. तलावात मगरी आहेत, ही थट्टा नाही.

शीव-धारावीतलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान फार कुणाला माहीत नाही. 37 एकरांची ही जागा एके काळी कचऱ्याचा डेपो होती. धारावी बस आगारासमोर उतरायचं. फुलपाखरं आणि दाट सावली, गर्दी कमी. दोन-तीन वर्षांच्या मुलाला धावायला सोडायचं असेल तर या यादीत हीच जागा सगळ्यात बरी.

पावसाळ्यात बेत वेगळा. पार्कसाइट-सूर्यनगरच्या बाजूच्या टेकडीवर हिरवळ बघायला पोरांना घेऊन चढू नये. जुलै 2021 मध्ये सूर्यनगरात दरड कोसळून माणसं गेली आहेत. त्या दिवसांत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र बरं. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचं. पाऊस थांबला तर बाहेरच्या विज्ञान उद्यानातली खेळणी आहेतच.

आणि एखादा दिवस कुठंच जाऊ नये. कन्नमवारनगरात अजून मोकळी मैदानं शिल्लक आहेत. (ज्यांच्या नावानं ही वसाहत आहे ते मा. सां. कन्नमवार राज्याचे दुसरे मुख्यमंत्री, चंद्रपूरकडचे.) संध्याकाळी पाचनंतर गावाकडच्या पोरांनी इथल्या पोरांना लगोरी किंवा विटीदांडू शिकवावा. गावाहून येताना विटी पिशवीत टाकली तर इथं शोधत फिरावं लागत नाही.

निघण्याआधी

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. ब्लॉक धिम्या मार्गावर असेल तर गाड्या जलद मार्गावरून वळवतात आणि काही स्थानकांवर थांबत नाहीत. शनिवारी रात्रीच बातमी बघून ठेवावी. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं. सकाळी साडेसात ते साडेदहा सीएसएमटीच्या दिशेनं जाणाऱ्या लोकलमध्ये लहान मूल घेऊन चढायचं धाडस करू नये, गावाहून आलेल्या माणसाला त्या गर्दीचा अंदाज नसतो. विक्रोळी पूर्व-पश्चिम जोडणारा पूल जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यामुळे पश्चिमेहून महामार्गाकडे रिक्षानं जाणं आता सोपं झालं आहे.

पिशवीत पाणी दुप्पट, टोपी, एक जादा चड्डी-सदरा, काकडी, पोळीची गुंडाळी. खाडीला जाणार असाल तर बंद बूट. चप्पल चिखलात रुतली की काढायला हात घालावा लागतो आणि ती निघेलच असं नाही. लहान मुलाला घरून निघताना आणि तिथं पोचल्यावर लगेच स्वच्छतागृहात न्यावं, बोटीत सोय नसते. आणि बारा-साडेबाराच्या झोपेची वेळ चुकवू नये. सकाळी सातला निघालेलं चार वर्षांचं मूल तोवर थकलेलंच असतं.