प्रायश्चित्त कोणी घ्यायचे?

इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळींची श्रद्धाविधाने वाचणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्यांची एकसारखी ठेवण. अमेरिकेतील इव्हँजेलिकल मंडळींच्या राष्ट्रीय संघाने 1943 साली सात कलमांचे एक निवेदन स्वीकारले: शास्त्राची ईश्वरप्रेरितता, त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व व त्याचे रक्ताने केलेले प्रायश्चित्त, पवित्र आत्म्याने होणारा नवा जन्म, त्याच आत्म्याच्या बळावर चालणारे पवित्र जीवन, मृतांचे पुनरुत्थान आणि विश्वासणाऱ्यांचे आत्मिक ऐक्य. थोड्याफार फरकाने हीच यादी जगभर आढळते. भोर आणि वेल्हे (ज्याला आता राजगड तालुका म्हणतात) या सह्याद्रीच्या कुशीतल्या मुलखात एखादी लहानशी मंडळी आपली श्रद्धा मराठीत मांडू लागली, तर तिचीही कलमे याहून फार वेगळी असणार नाहीत.

कलमे तीच, पण शब्द मराठी. आमच्या मते खरा इतिहास तेथे सुरू होतो. सिद्धान्त आयात करता येतो. शब्द मात्र ज्या भाषेतून उचलावे लागतात, तिच्या जमाखर्चासह, जातिव्यवहारासह आणि न्यायनिवाड्यांसह येतात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती मराठी साहित्याला एक कोपरा मिळतो, त्यात 'यमुनापर्यटन' आणि 'स्मृतिचित्रे' यांवर चार व्याख्याने होतात आणि प्रकरण मिटते. या ग्रंथांच्या मागे उभा असलेला धर्मसिद्धान्त मात्र धर्मोपदेशकांचा विषय म्हणून बाजूला ठेवला जातो. तसे करणे आम्हांला योग्य वाटत नाही.

भोरचाच विचार करावा. 1948 साली विलीन होईपर्यंत हे पंतसचिवांचे संस्थान होते आणि त्याच्या तालुक्यांना किल्ल्यांची नावे होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ, सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. या मुलखात 'खंडणी' हा शब्द कोणाला शिकवावा लागत नव्हता. जिंकलेल्याने जिंकणाऱ्याला, दुबळ्याने बलवंताला, मुलूख वाचवण्यासाठी द्यावयाची ती रक्कम. मराठी बायबलने नेमका हाच शब्द ख्रिस्ताच्या मरणासाठी घेतला: पुष्कळांच्या सुटकेसाठी त्याने आपला जीव खंडणी म्हणून दिला, अशा अर्थाने. एकोणिसाव्या शतकातील मावळी श्रोत्याला या शब्दातून एक संपूर्ण राजकीय चित्र दिसले असेल. त्याबरोबर एक प्रश्नही पडला असेल: ही खंडणी घेणारा कोण? देव, की सैतान? युरोपातील धर्मपंडितांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. आजच्या वाचकाची अडचण निराळी आहे. वर्तमानपत्रांनी या शब्दाला गुन्हेगारीच्या रकान्यात नेऊन बसवल्यामुळे त्याच्या कानावर 'खंडणी' येते ती खंडणीखोराला सोबत घेऊन.

'तारण' या शब्दाचेही असेच आहे. ख्रिस्ती मराठीत तो मुक्तीचा शब्द. येशू तो तारणारा. व्यवहारात मात्र तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू, आणि 'सोने तारण कर्ज' ही पाटी कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसेल. 'मोक्ष' हा तयार शब्द हाताशी असताना तो टाळून 'तारण' पुढे आला, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका सांगतो, तर तारण बुडणाऱ्याला पलीकडे नेणे सांगते, आणि त्यासाठी नेणारा दुसरा कोणी असावा लागतो.

हे शब्द एका दिवसात ठरले नाहीत. विल्यम कॅरीने सेरामपूरहून 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. 1813 साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार 1826 मध्ये निघाला आणि 1847 पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. या प्रत्येक टप्प्यावर शब्दांची निवड, बदल, वाद होत राहिले. मिशनऱ्यांइतकाच त्यांच्या पंडितांचा त्यात हात होता, पण मुखपृष्ठावर पंडितांची नावे येत नसत. असो.

नसरापूर हे भोर तालुक्यातले गाव पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. बनेश्वराच्या देवळामुळे ते पुणेकरांना ठाऊक असते. 1893 साली ऑस्ट्रेलियातील चार्ल्स रीव्ह यांनी स्थापन केलेल्या 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन'ने याच गावी आपले ठाणे केले. नावातच 'व्हिलेज' आहे. मोठ्या शहरांत जुन्या मिशनांच्या शाळा व कॉलेजे उभी होती. या नव्या मंडळींचा रोख खेड्यांवर होता. हा काळ 'श्रद्धा-मिशनां'चा. जुन्या चर्चचे बांधलेले पाठबळ घेण्यापेक्षा प्रार्थनेवर भिस्त ठेवणारी, पंथापेक्षा अनुभवाला मोठे मानणारी अशी ही माणसे होती. पुढे 1968 मध्ये हे मिशन दुसऱ्या एका मिशनमध्ये मिसळले आणि 1989 मध्ये त्या संयुक्त संस्थेचेही आणखी मोठ्या संस्थेत विलीनीकरण झाले. संस्थानाप्रमाणे मिशनेही विलीन होतात.

डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने 1989 साली इव्हँजेलिकल वृत्तीची चार लक्षणे सांगितली: बायबलनिष्ठा, क्रुसाचे केंद्रत्व, मनःपरिवर्तनाचा आग्रह आणि कार्यप्रवणता. त्यांपैकी क्रूस आणि परिवर्तन ही दोन लक्षणे मराठीत उतरताना सर्वांत अवघड ठरली, असे आमचे मत आहे. क्रुसाच्या सिद्धान्तासाठी मराठीने दिलेला मुख्य शब्द 'प्रायश्चित्त' हा होता, आणि प्रायश्चित्ताचा अर्थ पुण्याला फार चांगला माहीत होता.

14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तेथे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती घेतला. गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापवून आणली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल कधी पुरते माफ केले नाही. एका पेला चहाने शहरातील बुद्धिमंतांना दोन वर्षे वेठीस धरले, याचे आज हसू येते; पण ज्यांच्या घरी श्राद्धाला भटजी येईनासे झाले त्यांना हसू आले नसावे.

आमच्या विषयाशी याचा संबंध असा. पुण्याच्या व्यवहारात प्रायश्चित्त ही दोष ज्याचा त्यानेच करावयाची गोष्ट होती. शास्त्र विधी सांगेल, धर्मपीठ प्रमाण ठरवील, दक्षिणा किती ते ठरेल; पण पंचगव्य प्यावे लागेल ते दोषीलाच. आणि त्याच पंचहौदच्या आवारात जे चर्च होते, त्यातला उपदेश असा की प्रायश्चित्त दुसऱ्याने, एकदाच, सर्वांसाठी घेतलेले आहे. दोषीने ते विश्वासाने स्वीकारावयाचे. शब्द एक, कर्ता बदललेला. पंचहौद हे अँग्लिकनांचे मिशन, त्याचा कल उच्च चर्चकडे, म्हणजे आमच्या इव्हँजेलिकलांपासून बराच लांब. तरी या एका कलमावर दोघांचे बोलणे सारखेच राहिले असते.

या उलथापालथीत 'पाप' शब्दाचा जोडीदार हरवला. मराठीत पाप एकटे फिरत नाही. 'पाप-पुण्य' असा जोडशब्द आहे आणि त्यामागे एक वही आहे, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. इव्हँजेलिकल सिद्धान्त ही वहीच बाद करतो. पुण्याने पाप फिटत नाही, म्हणून पुण्य हा शब्दच त्या भाषेतून जवळजवळ नाहीसा झाला. वारकरी परंपरा याला अगदीच अपरिचित नव्हती. पतितपावन देव, आपल्या कर्तृत्वावर भरवसा न ठेवता कृपेसाठी शरण जाणारा भक्त, हे सारे मराठी कानांना तुकोबांमुळे ठाऊक होते. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यात म्हणूनच काव्याइतकेच धर्मशास्त्रही आहे. फरक उरला तो हा की विठोबाची कृपा युगानुयुगे विटेवर उभी असते, तर इव्हँजेलिकलाची कृपा इतिहासातील एका तारखेला, एका टेकडीवर घडलेली असते.

मनःपरिवर्तनाच्या कलमाची अडचण आणखी खोल आहे. 'नव्याने जन्मणे' हे मराठीत सांगायचे कसे? 'पुनर्जन्म' म्हटले तर ज्यातून सुटायचे तेच पुन्हा मिळणार, असा उलटा अर्थ. 'द्विज' या शब्दाचा धात्वर्थ तंतोतंत हाच, परंतु तो शब्द आधीच मुंजीने बांधलेला, आणि मुंज कोणाची होते व कोणाची नाही हे गावाला माहीत होते. म्हणून 'नवा जन्म', 'नव्याने जन्म' अशी साधी, विशेषणांची वाट पत्करावी लागली. जेथे जन्मानेच माणसाची विहीर, वाट आणि स्मशान ठरत होते, तेथे जन्म दुसऱ्यांदा होऊ शकतो आणि तो कोणाचाही होऊ शकतो, हे विधान केवळ आध्यात्मिक राहणे शक्य नव्हते. अर्थात ते विधान करणाऱ्या मंडळ्यांतही जात शिरलीच. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतील माणूस ख्रिस्ती झाला तर त्याला त्या वर्गाचे संरक्षण मिळत नाही; हा आदेश 1956 मध्ये शिखांसाठी आणि 1990 मध्ये बौद्धांसाठी रुंदावला, ख्रिस्त्यांसाठी व मुसलमानांसाठी नाही. श्रद्धाविधानावर सही करणाऱ्या दलिताला त्या सहीची किंमत अशी कागदोपत्रीही मोजावी लागते.

या सर्व कलमांशी एकटीने झुंजलेली व्यक्ती पुणे जिल्ह्यातच होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला, तो ज्या भगिनीसंघाच्या आश्रयाने झाला त्याच संघाच्या भगिनी पंचहौदलाही होत्या. पुढच्या दोन वर्षांतली सिस्टर जेराल्डिन आणि मिस बील यांच्याशी झालेली त्यांची पत्रापत्री 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली आहे. ती प्रत्येक वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने वाचावी. अथेनेशियसच्या नावाने चालणारे श्रद्धाविधान रमाबाईंना मान्य होईना. त्रैक्याचा सिद्धान्त शास्त्रात कोठे आहे, हे त्या विचारीत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. गुरुस्थानी असलेल्या स्त्रियांना हा अहंकार वाटला. आम्हांला ती पत्रे वाचताना शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेली एक विदुषी दिसते: पुराणिकांच्या घरात जन्मलेली, प्रमाण मागणारी. बायबलशिवाय दुसरे प्रमाण न मानणे हा इव्हँजेलिकलांचा पहिला सिद्धान्त, आणि रमाबाई तो चर्चच्या विरुद्धच वापरीत होत्या.

पुढे त्या त्रैक्याकडे वळल्या. त्यात नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादाचा वाटा मोठा होता. पण बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जे घडले ते युक्तिवादाने घडले नव्हते. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ स्वतःचेच प्रवचन करता करता परिवर्तन पावला होता! आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असा निर्वाळा रमाबाईंनी 1907 च्या आपल्या साक्षीत दिला. कलमे मान्य करणे आणि नव्याने जन्मणे यांतला हा भेद म्हणजे इव्हँजेलिकल मताचा गाभा होय. 1905 च्या जूनअखेरीस केडगावच्या मुक्तिसदनात मुलींमध्ये जे उजळणीचे वारे उठले, रडणे, पापकबुली, प्रार्थना, त्याचा विचार या भेदाखेरीज करता येत नाही.

आणि मग रमाबाई शब्दांकडे परतल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशी मराठी हा एक हेतू. हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द शक्य तेथे गाळणे हा दुसरा. ज्या बाईने एके काळी क्रुसावर संस्कृत मागितले, तिनेच शेवटी संस्कृताला सिद्धान्ताच्या दाराबाहेर थांबवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल मुक्तिसदनाच्या छापखान्यातून 1924 मध्ये बाहेर पडले. चालू मराठीवर त्याचा ठसा फारसा उमटला नाही. मंडळ्यांमध्ये वाचले जाते ते बायबल सोसायटीचे.

ना. वा. टिळकांनी याच सुमारास उलट दिशा धरली. 1917 मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य बसणार होते. शब्द मराठी, छंद अभंगाचा, उंबरठा जवळजवळ नाही. 1919 मध्ये ते गेले आणि दरबारही टिकला नाही. इव्हँजेलिकल मंडळींना उंबरठ्याशिवाय घर ही कल्पनाच मानवत नव्हती. 1951 मध्ये त्यांचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला; यवतमाळ येथे वाढलेली त्यांची बायबल सेमिनरी 1983 मध्ये पुण्यास बिबवेवाडीत आली. म्हणजे भोर-वेल्ह्याच्या खेड्यातल्या उपदेशकाला आज सिद्धान्ताचे शिक्षण घ्यायचे तर कात्रजचा घाट उतरला की पुरते. तेथे वर्गात तो त्रैक्य, प्रायश्चित्त, नीतिमान ठरवणे हे शब्द इंग्रजी ग्रंथांच्या आधारे शिकतो, आणि रविवारी घाट चढून परत आल्यावर ते त्याला अशा बायकांना सांगायचे असतात, ज्यांनी आठवड्यात भातलावणी केलेली असते आणि बचतगटाच्या बैठकीत तारण या शब्दावर वेगळीच चर्चा ऐकलेली असते.