निषेध आणि अर्थवाद : पात्रवर्गाच्या मर्यादांचे वाचन

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीचे प्राचीन देवालय ज्या मूर्तिपरंपरेत मोडते, तिच्यात देवतेची ओळख मुखावरून पटत नाही. हातांतील आयुधांवरून पटते. विष्णूची चोवीस रूपे शंख, चक्र, गदा व पद्म या चारच वस्तूंच्या क्रमभेदाने सिद्ध होतात. विसाव्या शतकातील एका खेळाने हेच तत्त्व निषेधरूपाने मांडले. तेथे पात्र कोण, हे त्याने काय हाती धरू नये यावरूनही ठरते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसलेल्यांपैकी एक जण प्रसंगाचे निवेदन करतो. इतर जण आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. मूळ पात्रवर्ग तीन : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. योद्ध्याला सर्व शस्त्रे मोकळी. मांत्रिकाला चिलखत वर्ज्य, शस्त्रांपैकी केवळ खंजीर. धर्मोपदेशकाला चिलखत चालते, मात्र धारदार शस्त्र चालत नाही.

या शेवटच्या निषेधाचे रूढ स्पष्टीकरण असे की, धर्मपुरुषाने रक्त सांडू नये. त्याच्या पुष्ट्यर्थ अकराव्या शतकातील बायोच्या भरतकामात सोटा उगारलेल्या बिशप ओदोचा दाखला देतात. परंतु 'रोलाँचे गीत' या फ्रेंच वीरकाव्यातील आर्चबिशप तुर्पँ भाला आणि तलवार दोन्ही चालवतो. शिवाय सोट्याने डोके फुटले तरी रक्त सांडतेच. इतिहास येथे निर्णायक ठरत नाही. निषेधाचे कार्य खेळाच्या रचनेत शोधावे लागते. मंतरलेली सर्व शस्त्रे वापरता येणे हा १९७४ च्या नियमांत योद्ध्याचा मोठा लाभ आहे. चिलखत आणि दैवी सामर्थ्य लाभलेल्या धर्मोपदेशकाच्या हाती मंतरलेली तलवारही दिली, तर योद्ध्याला प्रयोजन उरत नाही. नियम आधी मेजावरील श्रमविभागणी राखतो. मग कल्पित जगात त्याला कारण मिळते.

मीमांसकांची परिभाषा येथे उपयोगी पडते. विधी व निषेध आज्ञा करतात. अर्थवाद त्या आज्ञेची स्तुती वा वर्ज्य गोष्टीची निंदा करून आज्ञा मनाला पटवतो, पण त्याला स्वतंत्र प्रामाण्य नसते. रक्तपाताची कथा हा अर्थवाद होय. तो निरर्थक नाही, कारण त्याच्यामुळेच नियमाला व्यक्तिमत्त्व लाभते. मात्र त्याला कारण समजणे ही वाचनातील चूक आहे.

मराठी अभ्यासकाला ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या परंपरेत पदे सूत्रधार गाई आणि पात्रे प्रसंगानुरूप उत्स्फूर्त भाषण करीत. नटांचेही वर्ग होते : राजापार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. गाणे हे सूत्रधाराकडे, आरडाओरड आणि तलवारबाजी राक्षसाकडे. १८८० मध्ये किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त पात्रे स्वतः गाऊ लागली आणि वाटणीची ही चौकट मोडली. अमेरिकन खेळातही २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत धर्मोपदेशकावरील धारेचा निषेध उरला नाही. मांत्रिकाला चिलखत घालता येऊ लागले, मात्र त्यामुळे मंत्र फसण्याचा धोका त्याने पत्करायचा. मनाईची जागा किमतीने घेतली.

परंतु स्त्रीपार्टीचा निषेध किर्लोस्करांनंतरही टिकला. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येऊ नये, ही त्यामागील सामाजिक आज्ञा. पुढे बालगंधर्वांसारख्या असामान्य नटाची कला हाच तिचा अर्थवाद झाला. पुरुषच स्त्रीचे सौंदर्य अधिक उत्कटपणे प्रकट करतो, असे रसिक मानू लागले. कलेची थोरवी खरी होती. पण ती निषेधाचे कारण नव्हती, त्याचे फलित होती. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या आणि त्या अर्थवादाचा आधार ढासळू लागला.

मर्यादेवाचून पात्र आकाराला येत नाही, हा आक्षेप येथे संभवतो, आणि तो रास्त आहे. सर्वांना सर्व काही शक्य असेल, तर एकाला दुसऱ्याची गरज उरत नाही. भेद आहे तो स्वीकाराचा. मेजाभोवतीचा खेळाडू आपला वर्ग निवडतो आणि खेळ संपताच तो खाली ठेवतो. रंगभूमीबाहेर ठेवलेल्या स्त्रीने काहीच निवडलेले नव्हते. म्हणून पात्रमर्यादेचे वाचन करताना तीन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत : नियम काय वर्ज्य करतो, त्याने कोणाचे स्थान राखले जाते, आणि त्याची कथा कोण सांगतो. तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंचे उत्तर म्हणून स्वीकारले की, आपण संहितेचे भाष्यकार न राहता निषेधाचे वकील होतो.