चढत्या लयीची बखर

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरून काय काय खाली येते! पूर्वी पितळेचे डबे, मोडका पाळणा, कसरीने खाल्लेल्या पोथ्या यायच्या. आता त्यांच्या जोडीला दहा-पंधरा वर्षांचा एखादा लॅपटॉपही येतो. तो चालतो, पण अडखळत चालतो. आणि मग घरात वाद सुरू होतो, की हा भंगारात द्यावा की धाकटीच्या अभ्यासाला ठेवावा? या वादात सहसा कोणी न विचारलेला एक प्रश्न मला विचारावासा वाटतो. या यंत्राचा वेग एवढाच, हे ठरवले कोणी? निसर्गाने, कारखानदाराने, की विकत घेणाऱ्याने? या एका प्रश्नावरून गेली चाळीस वर्षे एक झगडा चालू आहे. त्याचीच ही लहानशी बखर. मी शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस; शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विजेपेक्षा माणसांचीच हकीकत इथे अधिक येईल.

आधी वेग म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो तालावर काम करतो. कीर्तनात मृदंगाच्या ठेक्याशिवाय टाळकऱ्यांचे पाऊल पडत नाही, तसेच इथे ठोका पडल्याशिवाय आकडा हलत नाही. हा ठोका गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, एका स्फटिकाच्या कंपनातून निघतो. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ आणि शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. कारखान्याने ठरवून दिलेल्या लयीपेक्षा लय चढी करणे, याला इंग्रजीत ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गवई विलंबितातून द्रुतात जातो तसेच हे आहे. मात्र छातीत दम असेल तरच द्रुत साधते, नाहीतर गाणे मध्येच तुटते.

1981 साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक काढला. त्याची लय होती 4.77 मेगाहर्ट्झ. हा अडनिडा आकडा कुठून आला, याची मोठी मौज आहे. अमेरिकेतल्या रंगीत टेलिव्हिजनच्या पद्धतीशी जुळणारा 14.318 मेगाहर्ट्झचा स्फटिक स्वस्तात मिळत होता. त्याला तिनाने भागले की 4.77 येतात. म्हणजे ज्या वेगाला लोक शास्त्राचा निर्णय समजत होते, तो बराचसा बाजारहाटाचा निर्णय होता!

1984 साली त्याच कंपनीचा पुढचा संगणक आला. त्यात 12 मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्याने, 6 मेगाहर्ट्झने, चाले. काही चौकस मालकांनी तो स्फटिक उपटून 16 मेगाहर्ट्झचा बसवला आणि यंत्र मुकाट्याने 8 मेगाहर्ट्झने पळू लागले. किरकोळ खर्चात वेग एक तृतीयांशाने वाढला. कंपनीच्या हे ध्यानात आले तेव्हा पुढच्या यंत्रांत सुरू होतानाच आपली लय तपासण्याची व्यवस्था तिने केली. लय चढी दिसली की यंत्र काम नाकारी. झगड्याची ठिणगी पडली ती इथे.

प्रोसेसरवर छापलेला आकडा कसा ठरतो, हे कळले की हा झगडा नीट समजतो. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून अनेक प्रोसेसर कापून निघतात. आमच्या वर्गातल्या मुलांसारखे ते एकाच घरचे, पण सारखे नसतात. प्रत्येकाची परीक्षा होते. जो ज्या वेगाला बिनचूक राहतो, त्या वेगाचा शिक्का त्याला मिळतो. पण बाजारात स्वस्त मालाला गिऱ्हाईक फार असते. म्हणून पहिल्या वर्गाच्या लायकीच्या पोरालाही कधीकधी तिसऱ्या वर्गाचा दाखला देऊन पाठवतात. म्हणजे तो आकडा ही एक हमी आहे. इतके तर चालेलच, अशी. त्यापुढे किती चालेल, याविषयी दाखला गप्प असतो.

कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. 1990 नंतरच्या दशकात लबाड व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरचा आकडा खरवडून त्यावर मोठा आकडा छापीत आणि भोळ्या गिऱ्हाइकाला विकीत. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्याच्या घडणीत अग्रभागी होते, त्या 1993 सालच्या पेंटियमच्या घराण्यालाही या लबाडीचा उपद्रव झाला. तेव्हा इंटेलने प्रोसेसरातला गुणक, म्हणजे मूळ ठोक्याला ज्या संख्येने गुणून लय निघते ती संख्या, कुलूपबंद केली. चोरासाठी लावलेले कुलूप घरधन्यालाही आडवे आले.

पण घरधनीही खमके निघाले. 1998 साली इंटेलने सेलेरॉन 300ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ठोका 66, गुणक साडेचार, लय 300. गुणकाला कुलूप होते, पण मूळ ठोक्याला नव्हते! लोकांनी तो 66 वरून 100 वर नेला आणि यातले पुष्कळ प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झने सुखाने चालू लागले. कितीतरी अधिक किंमतीच्या पेंटियम टू प्रोसेसरची लय नेमकी तेवढीच होती. पुढे 2000 सालच्या सुमाराला एएमडीच्या प्रोसेसरांवर तर साध्या शिसपेन्सिलीने काम भागले. पाठीवरचे तोडलेले सोनेरी सांधे पेन्सिलीच्या रेघेने जोडले की कुलूप निघे. कारण पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते. शाळेच्या कंपासपेटीतली वस्तू कारखानदाराला भारी पडली, याचा मास्तर म्हणून मला आनंद वाटतो.

लॅपटॉपची गोष्ट मात्र अधिक बिकट, आणि ती उष्णतेमुळे. उष्णता लयीच्या पटीत वाढते आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. लय वीस टक्के चढवली आणि त्यासाठी दाब दहा टक्के वाढवावा लागला, तर उष्णता जवळजवळ पंचेचाळीस टक्क्यांनी वाढते. टेबलावरच्या संगणकात हवा खेळते. लॅपटॉप म्हणजे चाळीतली एक खोली. तांब्याची एक नळी आणि एक चिमुकला पंखा, त्यांनी 35 वॅटांच्या आसपासची धग बाहेर काढायची. म्हणून इथे लय वाढवण्यापेक्षा प्रोसेसरच बदलणे शहाणपणाचे ठरे. ते शक्यही होते. 2006 साली इंटेलचा कोअर ड्यूओ आला आणि त्याच वर्षी कोअर टू ड्यूओ. दोघांची बैठक एकच. पुष्कळ लॅपटॉपांत पहिला काढून दुसरा बसवता येई, आणि बत्तीस बिटांचे यंत्र चौसष्ट बिटांचे होई. अट एवढीच, की मदरबोर्डाच्या बायॉसने, म्हणजे यंत्र जागे करणाऱ्या पहिल्या आज्ञावलीने, नव्या पाहुण्याला ओळखले पाहिजे.

याहून धाडसी लोकही होते. प्रोसेसर आपल्या ठराविक टाचण्यांवरून मदरबोर्डाला कळवतो, की मला अमुक ठोका हवा. या लोकांनी केसासारखी बारीक तार जोडून किंवा टाचणी झाकून हा निरोपच बदलला. 166 च्या जागी 200 चा ठोका मिळाला, की दहाचा गुणक असलेला 1.66 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर 2 गिगाहर्ट्झने चाले. काहींचे साधले, काहींची यंत्रे उठलीच नाहीत.

आमच्या शाळेतल्या जुन्या लॅपटॉपांच्या निमित्ताने गावातल्या एका कारागिराशी माझे या विषयावर बोलणे झाले होते. "याचा वेग चढवता येईल का हो?" मी विचारले.

"येईल की, मास्तर," तो म्हणाला, "पण म्हाताऱ्याला शर्यतीत कशाला उतरवता? आधी पंख्यातला कचरा काढू, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलू, हार्ड डिस्क काढून एसएसडी घालू. दम कोंडलाय त्याचा. पाय चांगले आहेत."

त्याने तसेच केले. पाचवी-सहावीची मुले त्या यंत्रांवर पुढे कित्येक वर्षे मराठी टंकलेखन शिकली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये अशा कारागिरांनी किती यंत्रांना दुसरा जन्म दिला असेल, त्याची नोंद कोणत्या इतिहासात सापडणार?

दारे मात्र एकेक करून बंद होत गेली. 2008 पासून इंटेलचे प्रोसेसर गरजेप्रमाणे स्वतःच लय चढवू लागले. मालकाचा खटाटोप कारखान्याने आपल्याकडे घेतला. 2010 साली तर त्याच कंपनीने एका प्रोसेसरातली आधीपासूनच असलेली शक्ती 50 डॉलरांचे कार्ड घेतल्यावर मोकळी करण्याची योजना काढली. लोकांनी नाके मुरडली आणि ती पुढे गुंडाळावी लागली. कुलूप नसलेले प्रोसेसर जादा किमतीला उघडपणे विकायला आले. आणि 2013 सालच्या चौथ्या पिढीनंतर इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर बैठकीत बसेनासे झाले. ते मदरबोर्डालाच डाखले जाऊ लागले. यंत्र बारीक झाले, हलके झाले, हा फायदा खराच. पण बदलण्याचा हक्क त्या डाखाखाली कायमचा दबला.

त्याची किंमत 2021 साली कळली. विंडोज 11 आले आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सारे प्रोसेसर त्याने अपात्र ठरवले. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची देखभालही संपली. चालती-बोलती यंत्रे एका तारखेला म्हातारी झाली. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि त्यावर दोन मुले अभ्यास करतात, त्या घराला ही तारीख फार महाग पडते. लिनक्ससारखी मोफत आज्ञावली घालून पुष्कळ यंत्रे वाचवता येतात, ती वाचवावीत. 2021 पासून फ्रेमवर्क नावाची एक कंपनी सबंध मदरबोर्ड बदलता येईल असे लॅपटॉपही विकू लागली. 2024 साली युरोपीय संघाने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. म्हणजे झगडा संपलेला नाही.

जुन्या लॅपटॉपातली प्रोसेसरची बैठक कधी पाहायला मिळाली तर अवश्य पाहा. तिच्या कडेला एक स्क्रू असतो, आणि स्क्रूच्या दोन बाजूंना दोन चिमुकली चित्रे कोरलेली असतात: एक बंद कुलपाचे, एक उघड्या कुलपाचे. अर्धा फेरा दिला की कुलूप उघडते. त्याची किल्ली म्हणजे कोणाच्याही घरात सापडणारा साधा स्क्रूड्रायव्हर.