दाताच्या नळीचा माग: छायाचित्र, छपाई आणि रूट कॅनल

रूट कॅनल उपचारात सर्वांत अवघड ठरत आलेले काम म्हणजे मुळातली नळी सापडणे. तरुण दातात ती बऱ्यापैकी रुंद असते आणि तिच्यात दंतमज्जा, म्हणजे बोलीतली ‘नस’, असते. वय वाढते तसा दात आतल्या भिंतींवर डेंटीनचे नवे थर चढवतो आणि नळी अरुंद होत जाते. लहानपणी पडून मार बसलेल्या पुढच्या दातात किंवा घासून घासून झिजलेल्या दाढेत हे थर लवकर चढतात. कधी तर एक्स-रेवर नळीची रेघही उरत नाही. तोरणा किल्ल्याच्या मागे, वेल्ह्याहून मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हे गाव आहे. अशा गावांत, एकूणच ग्रामीण महाराष्ट्रात, पिढ्यान्‌पिढ्या राखुंडीने, कोळशाने किंवा मिश्रीने दात घासले गेले. ही भरड पूड दात झिजवते, आणि झिजणारा दात आतून स्वतःला बुजवून घेतो. बुजलेली नळी शोधताना बर, म्हणजे दात कोरणारे फिरते टोक, जरा तिरका गेला की मुळाला बाजूने भोक पडते आणि दात हातचा जातो.

फार काळ अशा दातावर उपाय एकच होता, तो उपटणे. महाराष्ट्रात दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात १९३३ साली सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ सालचा. पुण्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय निघायला १९८९ साल उजाडले. पासलीहून वेल्हे, मार्गासनी, नसरापूर असे करत पुणे गाठणाऱ्या माणसाला दात वाचवणारा तज्ज्ञ भेटू लागला, तो या पुढच्या काळात.

नळी डोळ्यांनी पाहण्याचा इतिहास मात्र जुना आहे. विल्हेल्म रोंटगेन यांना जर्मनीतल्या वुर्झबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला तो नोव्हेंबर १८९५ मध्ये. जानेवारी १८९६ मध्ये ब्राउनश्वाइगच्या ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्याच दातांचे छायाचित्र घेतले, त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. १८९९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी नळीत शिशाची तार घालून एक्स-रे काढला आणि तार कुठवर पोचली ते पाहिले. रूट कॅनलमध्ये आजही फाइल, म्हणजे नळी साफ करण्याची बारीक सुई, घालून एक्स-रे काढतात, त्याची सुरुवात ही. केल्स यांना या किरणांनी आधी बोटे आणि मग हात गमवायला लावला, हे या शास्त्राच्या इतिहासात विसरता येण्याजोगे नाही.

एक्स-रेची मूळ उणीव ही की तो सपाट असतो. ओठाकडची नळी आणि टाळूकडची नळी त्यात एकमेकींवर पडतात. १९१० च्या सुमारास क्लार्क यांनी एक्स-रेचे नळकांडे थोडे सरकवून दुसरा एक्स-रे घेण्याची आणि दोन्हींतल्या फरकावरून पुढचे-मागचे ओळखण्याची रीत सांगितली. १९८७ मध्ये आलेल्या आरव्हीजीने, म्हणजे डिजिटल एक्स-रेने, फिल्म धुण्याचा वेळ वाचवला आणि किरणांची मात्रा घटवली, तरी चित्र सपाटच राहिले. खोली दिसू लागली ती कोन बीम सीटीमुळे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीत आणि जपानमध्ये ही यंत्रे जवळपास एकाच वेळी तयार झाली.

त्रिमितीय छपाईची वाट वेगळीकडून आली. नागोया येथील हिदेओ कोडामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर चढवून वस्तू घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या चक हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले. दंतवैद्यकात याचा उपयोग आधी इम्प्लांट बसवण्याच्या साच्यांसाठी झाला. रूट कॅनलच्या वाटेसाठी साचा करण्याची पद्धत २०१६ च्या आसपास रूढ झाली. गाब्रिएल क्रास्ट्ल आणि सहकाऱ्यांनी १५ वर्षांच्या एका मुलाच्या वरच्या पुढच्या दातातली बुजलेली नळी अशा साच्याने गाठल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध केले. क्रास्ट्ल तेव्हा वुर्झबुर्गलाच होते. रोंटगेन यांच्या गावी सुरू झालेला धागा १२० वर्षांनी पुन्हा तिथेच येऊन पोचला, हा योगायोग सुखावणारा आहे.

कामाची रीत अशी. कोन बीम सीटीतून हाड आणि मूळ दिसते. तोंडातल्या स्कॅनरने किंवा प्लास्टरच्या ठशावरून दातांचा पृष्ठभाग मिळतो. संगणकावर दोन्ही प्रतिमा दातांच्या आकाराच्या आधाराने एकावर एक बसवतात, नळीपर्यंत सरळ रेघ आखतात आणि त्या रेघेवर स्लीव्ह असलेला साचा छापतात. साचा दातांवर बसला की बर स्लीव्हमधून त्याच रेघेने आत जातो.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक शिरते, आणि पहिली चूक प्रतिमेत असते. सीटीची प्रतिमा व्हॉक्सेल नावाच्या बारीक घनांची बनते. यंत्राप्रमाणे आणि निवडीप्रमाणे घनाची बाजू साधारण ०.०८ पासून ०.४ मिमीपर्यंत असते. १० क्रमांकाच्या फाइलचे टोक ०.१० मिमीचे असते. म्हणजे तेवढीच नळी ०.४ मिमीच्या घनात डेंटीनच्या छटेत मिसळून जाते आणि संगणकाला तिथे भरीव मूळ दिसते. म्हणून अशा कामाला एक-दोन दातांपुरतेच लहान क्षेत्र आणि बारीक व्हॉक्सेल घेतात. किरणांची मात्रा मात्र विनाकारण वाढवता येत नाही. भारतात या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. शेजारी धातूची कॅप किंवा पोस्ट असेल तर प्रतिमेत काळे-पांढरे पट्टे पडतात. रोग्याचे डोके किंचित हलले तरी कडा दुहेरी होतात. चांगल्या छपाईने हे दोष निघत नाहीत. खराब प्रतिमेवरून केलेला साचा देखणा, घट्ट बसणारा आणि चुकीचा असू शकतो.

छपाईतले दोष निराळे. थर बहुधा ५० किंवा १०० मायक्रॉनचे असतात. पण थर पातळ असला की साचा अचूक, ही समजूत अपुरी आहे. रेझिन घट्ट होताना आकसते. वस्तू यंत्रात कोणत्या कोनात उभी केली, आधाराच्या काड्या कुठे लागल्या, अल्कोहोलात किती वेळ धुतली, नंतरचा प्रकाश पुरेसा दिला का, यावर तिचा आकार ठरतो. उष्णतेने निर्जंतुक करताना काही रेझिन वाकतात. शेवटी स्लीव्ह आणि बर यांच्यातली फट उरते. ती नसेल तर बर फिरणार नाही आणि जास्त असेल तर तो डुलेल.

चुकीचे खरे मोजमाप खोलीवर असते. झेंडर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काढलेल्या दातांवर हा प्रयोग केला. बरच्या पायाशी सरासरी फरक ०.१६ ते ०.२१ मिमी, टोकाशी ०.१७ ते ०.४७ मिमी, आणि कोनातला सरासरी फरक १.८१ अंश आला. एवढा कोन १५ मिमी खोलीवर टोकाला जवळपास अर्धा मिमी सरकवतो. वरच्या रुंद मुळात हे खपते. खालच्या पुढच्या दातांचे मूळ चपटे आणि पातळ असते, तिथे भीती राहते. म्हणून २०१७ मध्ये त्याच गटाने ०.८५ मिमीचा बारीक बर वापरून पाहिला, तेव्हा टोकाशी फरक ०.१२ ते ०.३४ मिमीवर आला.

साचा वापरण्याआधी तो ठशावर बसवून पाहतात. त्यात मुद्दाम ठेवलेल्या खिडक्यांतून दात आणि रेझिन यांच्यात फट नाही ना, हे दिसते. अर्ध्या वाटेत एक साधा एक्स-रेही घेतात. गावात सीटी नसली तरी स्कॅन एका शहरात, आखणी दुसऱ्या आणि छपाई तिसऱ्या ठिकाणी होऊ शकते, कारण संगणकातली फाइल तारेवरून जाते. रोग्याला मात्र स्कॅनसाठी आणि उपचारासाठी असे किमान दोनदा शहर गाठावे लागते, आणि घाटमाथ्यावरून येणाऱ्याला प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. जबडा पुरेसा उघडत नसेल तर मागच्या दाढांवर साचा आणि बर दोन्ही मावत नाहीत. शिवाय साचा सरळ रेघेपुरताच असतो. मूळ जिथे वळते तिथे बर थांबवतात, आणि तिथून पुढची नळी ८ किंवा १० क्रमांकाच्या फाइलने, बोटांना लागणाऱ्या अटकावाच्या अंदाजाने, हातानेच उघडतात.