पटावरून कमी

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये उजवीकडे एक अरुंद रकाना असतो : ‘शाळा सोडल्याचे कारण’. मी इतिहासाचा पदवीधर नाही. शिराळा भागातल्या जुन्या शाळांची माहिती गोळा करायचा नाद लागला आणि गेली काही वर्षे जिथे परवानगी मिळेल तिथली रजिस्टरे चाळतो आहे. त्या रकान्यात कारणे मोजकीच सापडतात. परगावी गेला. घरकामासाठी. लग्न झाले. मयत. आणि सगळ्यांत जास्त वेळा, ‘सतत गैरहजर, पटावरून कमी’.

या शेवटच्या शेऱ्यापाशी मी दरवेळी थांबतो, कारण तसा शेरा लागलेला एक मुलगा आमच्या घरातला आहे. माझा आतेभाऊ. १९८३ साली तो सातवीत होता, गणितात माझ्या पुढे. नागपंचमीची गर्दी ओसरली आणि त्याने वर्गात जाणे सोडले. खिडकीबाहेर कुणीतरी आपल्याविषयी बोलते असे तो सांगे. रात्र रात्र जागा राही. आत्याने आधी देवऋषी केला, मग नरसोबाच्या वाडीची वारी, मग गाणगापूर. यात तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला ठाऊक असलेले दरवाजे तेवढेच होते. कुणीतरी मिरजेच्या डॉक्टरांचे नाव सांगेपर्यंत वर्ष गेले. गोळ्यांनी आवाज कमी झाले. आत्या त्याला हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन गेली, तेव्हा कळले की नाव केव्हाच कमी झाले आहे. ‘इतर मुलांवर परिणाम होतो’, असे तिला सांगण्यात आले. दाखल्यावर मात्र कारण उमटले ते सतत गैरहजेरीचे.

अशा मुलाचे सरकारदरबारी नाव तरी काय होते, हे शोधायला मी कायद्यांकडे वळलो, आणि एका गोष्टीने चकित झालो. १९८३ साली माझ्या आतेभावाला लागू होणारा कायदा १९१२ सालचा होता. ‘इंडियन लुनसी ॲक्ट’. त्यात ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येत जन्मतः बुद्धी कमी असलेला आणि मन बिघडलेला असे दोघेही एकाच ओळीत बसवलेले होते. नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, दोन वैद्यकीय दाखले जोडायचे आणि अर्जदाराने आधीच्या चौदा दिवसांत त्या माणसाला स्वतः पाहिलेले असायचे, अशी त्याची रीत. म्हणजे इस्पितळाचा रस्ता कचेरीतून जाई. कायद्याची सारी काळजी कुणाला चुकीने कोंडू नये आणि कुणी मोकाट फिरू नये, या दोन टोकांची. तेरा वर्षांच्या मुलाने शिकायचे कसे, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नव्हता. हा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, तोही अमलात यायला १९९३ चा एप्रिल उजाडला.

इस्पितळे होती, पण ती कुठे? आजच्या महाराष्ट्रातली सरकारी मनोरुग्णालये चार : नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा, जिथे १९१५ साली कुलाब्याचे वेड्यांचे इस्पितळ हलवले गेले. शिराळ्याहून येरवडा दोनशे किलोमीटरच्या आसपास. रत्नागिरीला जायचे तर आंबा घाट उतरायचा. (रत्नागिरीत ज्या वर्षी ते इस्पितळ निघाले त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा तिथे नजरकैदेत आणला गेला. दूरच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवायचे, ही सोय इंग्रजांना दोन्हीकडे पटलेली दिसते.) आणि ही सारी व्यवस्था मोठ्या माणसांसाठी आखलेली. मुलाला तिथे पाठवणे म्हणजे मोठ्यांच्या गर्दीत सोडणे. आत्याने ‘येरवडा’ हा शब्द ऐकला की ती उठून आत जाई. आमच्याकडे तो गावाचे नाव म्हणून कुणी उच्चारतच नसे.

शाळेची बाजू अधिक दुखरी आहे, कारण हा मुलूख शिक्षणाचा अभिमान बाळगणारा. वारणेपलीकडे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. इकडे आमच्या सातारा जिल्ह्यात (सांगली जिल्हा नंतर त्यातूनच वेगळा झाला) कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. कर्मवीरांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. जात, गरिबी, अंतर ही शाळेत न येण्याची कारणे त्या पिढीने एकेक करून खोडून काढली. आजार हे कारण मात्र शिल्लक राहिले, इतकेच नव्हे तर कायदेशीर झाले. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांत गैरहजेरीची जी रास्त कारणे धरली गेली, त्यांत आजार आणि दुर्बलता होती. हेतू चांगला होता, आजारी मुलाच्या बापाला दंड होऊ नये. पण ज्या मुलाचे दुखणे वर्षानुवर्षे चालणारे आहे, त्याच्यासाठी ती सूट हाच बाहेरचा दरवाजा झाला.

मुंबईत याच काळात वेगळे काही घडत होते, हे नोंदवायला हवे. सर दोराबजी टाटांच्या नावाने १९३६ साली समाजकार्याची शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या आश्रयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. मुलाला आणि आईबापांना एकत्र बोलावून, शाळेतल्या अडचणींसकट त्याच्याकडे पाहायचे, ही दृष्टी तिथे होती. १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेले काम पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणीही मतिमंद मुलांच्या शाळा निघाल्या. पण इथेच आत्याची दुसरी फेरी फुकट गेली. अशा एका शाळेने मुलाला तपासले आणि सांगितले, याची बुद्धी चांगली आहे, हा आमच्याकडचा नाही. खरेच होते ते. साध्या शाळेला तो वेडा वाटला, विशेष शाळेला तो शहाणा ठरला.

जनगणनेतही हाच घोळ दीर्घकाळ चालला. इंग्रजी अमलात १८८१ पासून १९३१ पर्यंत आंधळे, मुके-बहिरे, महारोगी यांच्यासोबत ‘वेडे’ मोजले जात. आईबाप मुलाचे दुखणे सांगत नाहीत, ही कुरकुर तेव्हाच्या अहवालांतही आहे. मग मोजणीच थांबली. २००१ साली ‘मानसिक’ असा एकच रकाना आला, आणि मतिमंदत्व व मानसिक आजार वेगळे मोजायला २०११ उजाडले. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कागदावर यायला एवढा काळ लागला, तर फाटकावरच्या शिपायाला त्या कळाव्यात ही अपेक्षा फारच झाली.

आजचे कायदे वाचताना मला आत्या आठवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे, आणि प्रमाणपत्राच्या निकषात बसणाऱ्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की दाखल केलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे, सोबत घरचे माणूस असावे. आणि मुलांसह कुणालाही उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये. ‘लांबचा’ म्हणजे किती, हे मी कायद्यात शोधले. शिराळ्यातली माणसे अजून इस्लामपूर, सांगली, मिरज अशा गाड्या बदलतच जातात, आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवतात.

आतेभाऊ आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. गोळ्या चालू आहेत, दुकानाचा हिशेब तोच ठेवतो, आणि बेरीज चुकत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वयाचा पुरावा लागला, तेव्हा आत्याच्या ट्रंकेतून तो जुना दाखला निघाला, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. खिडकीवरच्या माणसाने जन्मतारीख पाहिली, ती फॉर्मवर उतरवली आणि दाखला परत दिला. उजवीकडचा रकाना त्याने वाचला नाही. आतेभावाने वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.