दाढ काढण्याची भूल : काल आणि आज



आम्ही लहान असताना कोकणात दाढ दुखली की लवंगेचे तेल लावीत. तेवढ्याने भागले नाही तर दाढ काढणे आले, आणि त्या नावानेच अंगावर काटा येई. पुढे आम्ही परिचारिका झालो, अमेरिकेत नोकरी केली, निवृत्तही झालो. पण आपल्या वडीलधाऱ्यांची ती भीती अजून गेलेली दिसत नाही. म्हणून ही हकीकत.

याच देशात, हार्टफर्ड शहरी, ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या दंतवैद्याने हसविणारा वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. दुखले नाही, पण एका दाढेसाठी सारा माणूस गुंगीत घालावा लागला.

नेमकी जागा बधिर करण्याची वाट १८८४ साली व्हिएन्नात डॉ. कार्ल कोलर यांनी दाखविली. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. कोलर यहुदी होते. एका सहकाऱ्याने त्यावरून अपशब्द काढला, १८८५ मध्ये द्वंद्वयुद्ध झाले आणि अखेर १८८८ साली ते न्यूयॉर्कला आले. तेथे माऊंट सायनाय इस्पितळात त्यांनी काम केले.

न्यूयॉर्कमध्येच डॉ. हॉल्स्टेड आणि डॉ. हॉल यांनी १८८४ मध्ये खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून पाहिले. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले, आणि हॉल्स्टेड यांना व्यसन जडले. आपली आजची सोय अशी त्यांच्या जिवावर झाली. पुढे १९०५ च्या सुमारास जर्मनीत आइनहॉर्न यांचे नोव्होकेन आले, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. कोकेन मागे पडले.

औषध बदलले, तरी सुई कोठे टोचावी हा प्रश्न उरतोच. वरच्या जबड्याचे हाड पातळ व सच्छिद्र असते. मुळाशेजारी हिरडीत औषध दिले की ते आत झिरपते. काढायच्या दाढेसाठी टाळूतही टोचावे लागते, आणि तेथे जरा दुखते. खालच्या दाढांचे हाड मात्र घट्ट. तेथे जबड्याच्या मागच्या बाजूला, मज्जातंतू हाडात शिरतो तेथेच औषध देतात. अर्धा जबडा व ओठ काही तास बधिर राहतात. पण नेम चुकला तर भूल लागत नाही. तिसरी रीत म्हणजे दात आणि हाड यांच्या फटीत बारीक सुईने औषध देणे. ओठ बधिर होत नाही, पण असर एका दाताला आणि थोडा वेळच. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले आर्टिकेन हाडात अधिक चांगले झिरपते, म्हणून काही ठिकाणी खोल सुई टाळता येते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. खोल सुईने आत रक्तस्राव होऊ शकतो. दंतवैद्य दुसरी रीत निवडतील. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. पू झालेल्या जागी भूल कमी लागते, म्हणून दुखणे अंगावर काढू नका. दुखले तर हात वर करा. मुकाट्याने सोसण्याचे दिवस आता गेले.